वाचून दाखवणारे यंत्र आणि वाचायला शिकणारे मूल

संध्याकाळी सातचा सुमार. तिसरीत शिकणारे मूल पाठ्यपुस्तक उघडून बसलेले असते. त्याचे बोट ओळीखाली हळूहळू सरकते आणि ‘सूर्य’ या शब्दापाशी अडते. मूल ‘सू’ म्हणते, मग ‘य’ म्हणते, वरच्या रेफाकडे क्षणभर पाहते आणि शेवटी अंदाजाने काहीतरी पुटपुटून पुढे जाते. पुढच्या ओळीत पुन्हा तेच. शेजारी बसलेल्या वडिलांचा सारा दिवस संगणकापुढे गेलेला असतो. घरातला वायफाय, दूरचित्रवाणी, आजीचा मोबाईल या सगळ्यांची दुरुस्ती त्यांच्याकडेच असते. बिघाड दिसला की उपाय शोधायचा, ही त्यांची सवय. साहजिकच त्यांचा हात खिशातल्या मोबाईलकडे जातो. मुलांना वाचायला शिकवणारे एखादे ॲप असेलच की!

गोव्यातल्या अनेक घरांत थोड्याफार फरकाने दिसणारे हे चित्र आहे. त्या वडिलांचा विचार चुकीचा नाही. वाचनात मागे पडलेल्या मुलाला तंत्रज्ञानाची मदत होऊ शकते, आणि तिचा इतिहास मोबाईलहून बराच जुना आहे. मात्र ती मदत कोणत्या जागी द्यायची, हे कळण्यासाठी मूल नेमके कुठे अडते ते आधी पाहावे लागते. यंत्र मुलाच्या वतीने वाचू शकते, तसेच ते मुलाकडून वाचून घेण्याच्या कामीही येऊ शकते. या दोन वापरांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

वाचन आपोआप येत नाही

मूल बोलायला शिकते ते कोणी धडे दिल्याशिवाय. आजूबाजूला भाषा असली की ती त्याच्या तोंडी येते. वाचनाचे तसे नाही. माणूस अतिप्राचीन काळापासून बोलत आला आहे. लेखनाचा शोध मात्र सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा. त्यामुळे दृष्टी आणि वाणी यांसाठी घडलेल्या मेंदूच्या यंत्रणा एकमेकींशी जोडण्याचे काम प्रत्येक मुलाला नव्याने करावे लागते. काही मुलांत ही जोडणी लवकर होते, काहींत फार सावकाश. सावकाश होणे म्हणजे बुद्धी कमी असणे नव्हे.

वाचनाच्या अभ्यासकांनी या प्रक्रियेचे एक सुटसुटीत सूत्र मांडले आहे. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ साली सांगितले की, वाचून समजणे हा दोन गोष्टींचा गुणाकार असतो. एक, अक्षरांवरून शब्द ओळखता येणे. आणि दोन, तो शब्द व ते वाक्य कानांनी ऐकले असता समजणे. येथे बेरीज नसून गुणाकार आहे, हे महत्त्वाचे. दोहोंपैकी एक बाजू शून्य असेल, तर दुसरी कितीही भक्कम असली तरी उत्तर शून्यच येते. गोष्ट ऐकताना डोळे विस्फारून दाद देणारे मूल तीच गोष्ट पुस्तकात पाहून कंटाळते, तेव्हा त्याची समज शाबूत असते. अडचण अक्षर ओळखण्यात असते. उलट, घडाघडा वाचणाऱ्या एखाद्या मुलाला ‘काय वाचलेस?’ असे विचारले असता उत्तर देता येत नाही, तेव्हा अडचण भाषेच्या बाजूला असते. पालकाने पहिली परीक्षा करायची ती एवढीच. तोच परिच्छेद मुलाला वाचून दाखवावा आणि त्याला तो कळतो का, हे पाहावे. उपाय या उत्तरावर ठरतो.

ही अडचण एकट्यादुकट्या मुलाची नाही. ग्रामीण भारतातील मुलांच्या वाचनाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालानुसार, २०२४ मध्ये तिसरीतल्या केवळ २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. म्हणजे दर चार मुलांपैकी जेमतेम एकाला. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, या उद्दिष्टाने केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले, ते याच चिंतेतून. तेव्हा आपलेच मूल मागे पडले, ही घराची नामुष्की आहे असे मानण्याचे काहीही कारण नाही.

देवनागरीच्या अवघड जागा

‘आपली लिपी जशी लिहिली तशीच वाचायची, तीत अवघड काय?’ असे मोठी माणसे सहज म्हणून जातात. इंग्रजी स्पेलिंगच्या तुलनेत ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु देवनागरीचे स्वतःचे काही डोंगर आहेत, आणि ते मुलाच्या उंचीवरून पाहिले तरच दिसतात.

पहिला डोंगर संख्येचा. केवळ चौतीस व्यंजनांची बाराखडी मांडली तरी ४०८ अक्षररूपे होतात. जोडाक्षरे त्यांहून निराळी. दुसरा डोंगर क्रमाचा. ‘किरण’ लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चारताना मात्र ‘क’ आधी येतो. डोळा डावीकडून उजवीकडे जातो आणि जिभेला त्या क्रमाने जाता येत नाही. तिसरा डोंगर ‘र’चा. ‘सूर्य’मधला र आधी उच्चारायचा, पण तो बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. ‘प्रकाश’मधला र नंतर उच्चारायचा आणि तो ‘प’च्या पोटात तिरकी रेघ होऊन दडतो. ‘राष्ट्र’मध्ये तो पायाशी टोपीसारखा येतो, तर ‘दुसऱ्या’मध्ये कोयत्यासारखा वळतो. एका ध्वनीची ही चार रूपे प्रौढ वाचकाला जाणवतही नाहीत. शिकणाऱ्याला मात्र ती चार वेगवेगळी कोडी वाटतात.

यात घ-ध, भ-म, थ-य, प-ष अशा सारख्या दिसणाऱ्या जोड्यांची भर पडते. ‘चार’ आणि ‘चारा’ या शब्दांतला च लिहायला एक, बोलायला दोन. शिवाय ‘क’, ‘म’, ‘ळ’ अशी सुटी अक्षरे म्हणून दाखवणाऱ्या मुलाने ती सांधून, शेवटचा ‘अ’ गाळून ‘कमळ’ हा ओळखीचा शब्द कानावर आणायचा असतो. अडखळणारी पुष्कळ मुले येथेच, या सांध्यापाशी, अडखळतात. त्यांना अक्षरे येत असतात, पण शब्द येत नसतो.

घरची कोकणी, पुस्तकातली मराठी

गोव्यात गुणाकाराची दुसरी बाजूही तपासावी लागते. येथील अनेक घरांत मूल ‘उदक’ मागते आणि पुस्तकात ‘पाणी’ वाचते. घरी ‘आसा’ म्हणते आणि वर्गात ‘आहे’ वाचते. दोन्ही भाषा सख्ख्या बहिणींसारख्या असल्याने मोठ्यांना हा फरक क्षुल्लक वाटतो. नव्याने वाचायला लागलेले मूल मात्र अक्षरे जुळवून एक आवाज तयार करते आणि तो आवाज मनातल्या ओळखीच्या शब्दाशी ताडून पाहते. ओळखीचा शब्द निराळा असेल तर पडताळा मिळत नाही. बरोबर वाचूनही आपण बरोबर वाचले की नाही, हे त्याला कळत नाही.

या अडचणीतच एक संधीही आहे. कोकणी आणि मराठी या दोन्ही भाषा येथे देवनागरीत लिहिल्या-वाचल्या जातात. घरातले ओळखीचे कोकणी वाक्य देवनागरीत लिहून मुलापुढे ठेवले, तर ते जी अक्षरे, जे काने-मात्रे आणि जी जोडाक्षरे ओळखायला शिकते, ती मराठी पुस्तकातही त्याला उपयोगी पडतात. लिपीचा सराव एका भाषेत केला की त्याचे फळ दुसऱ्या भाषेत मिळते. भाषांविषयी मोठ्यांचे वाद काहीही असोत, अक्षराशी झुंजणाऱ्या मुलाला या दोन्ही बहिणींचा आधार मिळावा, यातच त्याचे हित आहे.

टेपरेकॉर्डरचा धडा

आता यंत्राकडे वळू. १९७०च्या दशकात मोबाईल नव्हता, पण टेपरेकॉर्डर होता. अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ कॅरोल चॉम्स्की यांच्यासमोर आठ वर्षांच्या पाच मुलांचा प्रश्न आला. या मुलांना अक्षरे जुळवण्याचे धडे मिळाले होते, नियमही येत होते. तरीही त्यांचे वाचन शब्दाशब्दाला ठेचकाळत होते आणि पुस्तक म्हटले की ती अंग काढून घेत. आणखी नियम शिकवण्याऐवजी चॉम्स्की यांनी गोष्टींची पुस्तके ध्वनिफितीवर उतरवून मुलांना दिली. मुलांनी फीत ऐकायची, ऐकताना डोळे पुस्तकातल्या त्याच शब्दावर ठेवायचे आणि हे पुन्हा पुन्हा करायचे. शेवटी फितीशिवाय ते पुस्तक सहज वाचता येईपर्यंत. पहिल्या पुस्तकाला वेळ लागला, पुढच्यांना कमी लागत गेला. या प्रयोगाचे वृत्त त्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केले. त्याचे शीर्षकच एक प्रश्न होते : अक्षरे उलगडता आली, त्यापुढे काय?

पुढे १९७९ मध्ये जे सॅम्युएल्स यांनी एकच लहान उतारा अनेकदा वाचण्याची पद्धत मांडली. तिच्यामागचा विचार साधा आहे. सायकल शिकणाऱ्याचे सारे लक्ष तोल सांभाळण्यात जाते. रस्त्याकडे पाहायला ते उरतच नाही. तोल सवयीचा झाला की रस्ता दिसू लागतो. वाचनात अक्षर ओळखणे सवयीचे झाले की अर्थाकडे लक्ष देण्याइतकी उसंत मिळते. ही सवय पुनरावृत्तीशिवाय लागत नाही, आणि पुनरावृत्ती हेच यंत्राचे बलस्थान आहे. यंत्र कंटाळत नाही, उसासा टाकत नाही, ‘अरे, आत्ताच तर सांगितले होते’ असे म्हणत नाही. दिवसभर काम करून आलेल्या माणसाला दहाव्यांदा ‘सूर्य’ तितक्याच शांतपणे म्हणता येईल, याची खात्री कोण देणार?

टेपरेकॉर्डरच्या या धड्यात एक अट मात्र अनुस्यूत आहे. मुलांचे डोळे पुस्तकावर होते आणि शेवट यंत्र बंद करण्यात होता. केवळ गोष्ट ऐकली तर शब्दसंपत्ती वाढते, कल्पनाशक्तीला खाद्य मिळते, आणि त्याचेही मोल मोठे आहे. पण अक्षरओळख वाढत नाही. मोबाईल मजकूर वाचून दाखवतो आणि मूल खिडकीबाहेर पाहत ऐकते, तेव्हा वाचन यंत्राचे होते, मुलाचे नव्हे.

वडिलांचा आवाज, मुलाचे बोट

तंत्राची आवड असलेल्या पालकाला यासाठी नवे काही विकत घ्यावे लागत नाही. मोबाईलमधली ध्वनिमुद्रणाची सोय पुरेशी आहे. मुलाच्या आवडीचा, सुमारे शंभर शब्दांचा उतारा निवडावा. तो फार कठीण नसावा. पानावर बोटांवर मोजता पाच अनोळखी शब्द निघाले तर पुस्तक अजून जड आहे, असा एक ढोबळ नियम शिक्षकांत रूढ आहे. उतारा पालकाने आपल्या आवाजात, सावकाश पण अर्थानुसार विराम घेत मुद्रित करावा. शब्द सुटे सुटे तोडून वाचू नयेत. नाहीतर मूल तोच तुटकपणा उचलते.

मग क्रम असा. पहिल्या दिवशी मुलाने ओळीखाली बोट फिरवत नुसते ऐकावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रणाबरोबर स्वतःही म्हणावे. चौथ्या दिवशी आवाज अगदी बारीक करून म्हणावे आणि पाचव्या दिवशी यंत्र बंद करून एकट्याने वाचावे. रोज पंधरा मिनिटे पुरेत. मुलाचे पहिल्या दिवसाचे आणि पाचव्या दिवसाचे वाचनही मुद्रित करून ठेवावे.

या शेवटच्या सूचनेचे मोल विशेष आहे. मागे पडलेल्या मुलाची ‘मला येतच नाही’ अशी पक्की समजूत झालेली असते. कौतुकाचे शब्द त्याला खोटे वाटतात, कारण वर्गात रोज निराळाच अनुभव येत असतो. पण महिन्यापूर्वीचा स्वतःचा अडखळता आवाज आणि आजचा आवाज त्याने एकापाठोपाठ ऐकला, तर नाकारता न येणारा पुरावा त्याच्या हाती पडतो. हे काम कोणत्याही शाबासकीहून मोठे आहे आणि ते यंत्राशिवाय साधणे कठीण आहे.

दुसरा एक प्रयोग याहून रंजक आहे. मुलाने दिवसातली एखादी घटना सांगावी : शेजारच्या कुत्रीला झालेली पिल्ले, मांडवीच्या पुलावरून दिसलेली होडी, शिगम्याचा चित्ररथ. मोबाईलवर बोलून टंकलेखन करण्याची मराठी सोय आहे. तीतून हे बोलणे पडद्यावर उतरते. यंत्राने ऐकण्यात केलेल्या चुका मुलानेच शोधाव्यात. त्या शोधण्यासाठी त्याला प्रत्येक शब्द वाचावाच लागतो. सांगणे कोकणीत झाले तर पालकाने स्वतः देवनागरीत टंकून घ्यावे. मजकूर मोठ्या अक्षरांत छापून हाती दिला की मुलाला प्रथमच असे पान मिळते, ज्यातला प्रत्येक शब्द त्याच्या ओळखीचा आहे, कारण तो त्याचाच आहे.

ॲपे कुठे उपयोगी पडतात

तयार साधनांपैकी काही खरोखरच कामाची आहेत. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठीसह अनेक भाषांतील सचित्र गोष्टी विनामूल्य वाचता येतात आणि त्या वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या आहेत. तिसरीतल्या मुलाने पहिल्या पातळीचे पुस्तक घेतले तरी ते कोणाला कळत नाही, ही त्यातली मोठी सोय. ‘बालभारती’च्या १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही संकेतस्थळावर उपलब्ध आहेत. मोठ्या मुलांसाठी आणि त्यांना वाचून दाखवणाऱ्या पालकांसाठी तो खजिनाच आहे.

गूगलने २०१९ मध्ये भारतात ‘बोलो’ नावाने आणलेले आणि पुढे ‘रीड अलाँग’ झालेले ॲप मुलाचे मोठ्याने वाचणे ऐकते आणि अडलेला शब्द उच्चारून दाखवते. मराठीचाही त्यात समावेश झाला. अशा साधनांची मर्यादा ओळखून ती वापरावीत. मुलांचा आवाज प्रौढांहून निराळा असतो, ती मध्येच थांबतात, मागे येतात, शब्द ओढतात. त्यात गोमंतकीय हेल मिसळला की यंत्राचा कान चुकू शकतो. बरोबर वाचलेला शब्द यंत्राने नाकारला तर मोठा माणूस हसून सोडून देतो. आधीच खचलेले मूल मात्र दोष स्वतःकडे घेते. म्हणून पहिले काही दिवस तरी पालकाने शेजारी बसावे आणि ‘तू बरोबर वाचलेस, त्यालाच नीट ऐकू आले नाही’ असे स्पष्ट सांगावे.

सर्वांत स्वस्त साधन मात्र दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आहे. ज्या भाषेतले गाणे, त्याच भाषेत त्याच्या ओळी पडद्यावर दाखवण्याची कल्पना अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये मांडली आणि पुढे दूरदर्शनच्या ‘चित्रहार’, ‘रंगोली’ यांसारख्या कार्यक्रमांतून ती लाखो घरांत पोहोचली. गाण्याचे शब्द पाठ असतात, चालीमुळे वेग ठरलेला असतो आणि डोळा आपोआप अक्षरांकडे वळतो. बालगीत लावताना त्याखाली मराठी ओळी दिसतील असे पाहणे, एवढेच पालकाला करायचे आहे.

कागद, अक्षर आणि आकड्यांचा मोह

पडद्यावर सराव झाला तरी मुक्काम कागदावर असावा. २०१८ मध्ये ५४ अभ्यासांतील १ लाख ७० हजारांहून अधिक वाचकांच्या माहितीचा एकत्रित विचार झाला, तेव्हा तोच मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना तो पडद्यावर वाचणाऱ्यांपेक्षा काहीसा अधिक समजल्याचे दिसले. मुलाच्या बाबतीत आणखी एक साधे कारण आहे : पुस्तकात मध्येच सूचना येत नाही, खेळ उघडत नाही. पणजीच्या पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा १८३२ पासूनची आहे आणि तेथे मुलांसाठी स्वतंत्र विभाग आहे. पडद्यावर आवडलेल्या विषयाचे पुस्तक तेथे जाऊन मुलाने स्वतः निवडले, तर ॲपपासून कपाटापर्यंतचा प्रवास पूर्ण होतो.

पडद्याचा एक गुण मात्र उचलण्याजोगा आहे. अक्षर मोठे करता येते, ओळींमधले अंतर वाढवता येते. देवनागरीत वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत शिरतात. मोकळ्या ओळींचा मजकूर डोळ्याला सुसह्य होतो. तोच मजकूर तसाच छापून घेता येतो.

तंत्रप्रेमी पालकाला एक मोह हमखास पडतो, तो मोजमापाचा. मिनिटाला किती शब्द, आठवड्यात किती वाढ, आलेख चढता की उतरता! वेग हे प्रगतीचे एक लक्षण आहे खरे. पण घड्याळ समोर ठेवले की मूल धावू लागते आणि धावताना अर्थ रस्त्यात सांडतो. त्याहून चांगली खूण आहे चूक करून स्वतःच मागे येण्याची. ‘सूप’ म्हणून थांबणे, ‘नाही, सूर्य’ म्हणून दुरुस्त करणे, याचा अर्थ मूल आता नुसती अक्षरे उच्चारत नाही, तर वाक्याचा अर्थ लावते आहे. कोणत्याही ॲपच्या ताऱ्यांत ही खूण क्वचितच दिसते. शेजारी बसलेल्या माणसाला ती चटकन ऐकू येते.

यंत्राच्या पलीकडचे प्रश्न

काही वेळा प्रश्न सरावाचा नसतो. सर्वप्रथम डोळे आणि कान तपासून घ्यावेत. ते ठीक असूनही, नियमित सराव करूनही मूल अक्षरे वारंवार विसरत असेल, यमक ओळखू शकत नसेल, फळ्यावरचे उतरवताना सतत गोंधळत असेल आणि बोलण्या-समजण्यात मात्र तल्लख असेल, तर विशिष्ट अध्ययन अक्षमतेची शक्यता तज्ज्ञांकडून पडताळून घ्यावी. वाचनाशी निगडित अशा अक्षमतेला डिस्लेक्सिया म्हणतात. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी ‘डाली’ ही तपासणी-साधने तयार केली आहेत आणि त्यांत मराठीचा समावेश आहे. मुलाची तपासणी त्याच्या भाषेत आणि लिपीत होणे महत्त्वाचे. केवळ इंग्रजीतल्या चाचणीवरून निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्थान दिले आहे. त्याआधारे परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. अशा मुलाच्या बाबतीत यंत्राची भूमिकाही बदलते. विज्ञानाचा पाठ यंत्राने वाचून दाखवणे येथे पळवाट ठरत नाही. चष्म्याने पाहण्यासारखे ते आहे. वाचनाचा सराव वेगळ्या वेळी चालू ठेवावा, पण वाचन येत नाही म्हणून मुलाचे विज्ञान आणि भूगोल थांबू देऊ नये.

ही काळजी घेण्यास विलंब का नको, याचे उत्तर मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये दिले. ज्याला वाचता येते तो अधिक वाचतो, त्यामुळे त्याला अधिक शब्द कळतात, म्हणून वाचन आणखी सोपे होते. ज्याला येत नाही तो टाळतो, आणि टाळल्यामुळे मागे पडत जातो. पहिलीत बोटभर असलेले अंतर पाचवीपर्यंत हातभर होते. त्या अंतराबरोबर लाजही वाढते. वर्गात मोठ्याने वाचण्याची पाळी येईल तेव्हा पोटात दुखल्याचे सांगणारे मूल आळशी नसते. ते स्वतःचा मान वाचवत असते.

अशा मुलाला वडिलांच्या तंत्रप्रेमाचा आणखी एक उपयोग होऊ शकतो. गोव्यातल्या शाळांत सहावी ते आठवीच्या मुलांना कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवण्याची ‘केअर्स’ योजना २०२१ पासून राबवली जात आहे. ज्याला यंत्रे आवडतात त्याला ती जोडायला हवी असतात, आणि जोडायची तर सूचना वाचाव्या लागतात. घरात लहानसे काही जोडताना वडिलांनी सूचनांची चिठ्ठी मराठीत लिहून मुलाच्या हाती द्यावी : ‘लाल तार डावीकडे लाव. मग दिवा पेटतो का, ते बघ.’ येथे वाचन हा अभ्यास राहत नाही. बरोबर वाचले तर दिवा पेटतो, आणि दिव्याचा निकाल कोणत्याही गुणपत्रिकेहून प्रामाणिक असतो.

संध्याकाळी सात वाजता वडिलांचा हात मोबाईलकडे जातो, तो जाऊ द्यावा. मोबाईल मुलाच्या हाती सोपवून वडील दुसऱ्या खोलीत गेले, तर घरात एक पडदा तेवढा वाढतो. तोच मोबाईल दोघांच्या मध्ये ठेवून, वडिलांचा आवाज त्यात भरून, मुलाचे बोट कागदावरच्या ‘सूर्य’ या शब्दाखाली टेकले, तर रेफाचे कोडे आज ना उद्या सुटेल. मग मोबाईल बंद करावा आणि पुढची ओळ मुलाच्या तोंडून ऐकावी.